घनसावंगीचा ग्रीक ग्रंथ

जालन्याला चाललो आहे म्हटल्यावर पुण्यात मला दोनच प्रश्न विचारले गेले. तिकडे कोण आहे, आणि तिकडे काय आहे. पहिल्याचं उत्तर सोपं होतं, मावसभाऊ. दुसऱ्याला मी खरं उत्तर दिलं, की चारशे वर्षांपूर्वी युरोपात छापलेला ग्रीक वैद्यकाचा ग्रंथ आहे, तर विचारणारा माझ्या कपाळाकडे पाही, ताप वगैरे आहे की काय म्हणून. निजामाच्या राज्यातल्या कुठल्याशा खेड्यात ग्रीक ग्रंथ आहे यावर माझाही विश्वास नव्हता. विश्वास होता तो आमच्या सरांचा.

सर म्हणजे मला लॅटिन आणि थोडं ग्रीक शिकवणारे माझे कॉलेजातले गुरू. मी त्यांच्या हाताखाली शिकलो आणि पुढे शाळेत गणित शिकवू लागलो, पण संध्याकाळी त्यांच्याकडे जायचं काही सुटलं नाही. पंचवीस वर्षं त्यांनी एकच काम धरलं होतं. एका प्राचीन ग्रीक वैद्याने वनस्पतींवर लिहिलेला ग्रंथ त्यांना मराठीत आणायचा होता. त्याची एक जुनी छापील प्रत त्यांच्याकडे होती. एका पानावर दोन रकाने, डावीकडे ग्रीक, उजवीकडे लॅटिन, आणि मध्ये लाकडी ठशांनी छापलेली झाडांची चित्रं. सगळं भाषांतर झालं होतं. राहिलं होतं एक प्रकरण, कारण त्यांच्या प्रतीत नेमकं तेवढंच पान फाटून गेलेलं होतं. ग्रंथाच्या सुरुवातीच्या यादीवरून झुडपाचं नाव कळत होतं, कोशात पाहावं तर "एक झुडूप" एवढाच अर्थ. दुसऱ्या आवृत्तीतून ते प्रकरण घ्यायला सर तयार नव्हते. "या छापखान्याचा मजकूर वेगळा, चित्रं वेगळी. ठिगळ लावलेलं धोतर मी नेसेन, पण ठिगळ लावलेलं भाषांतर देणार नाही," म्हणायचे.

त्यात सरांना काचबिंदू झाला. उजवा डोळा गेलाच होता, डाव्याला डॉक्टरांनी उन्हाळ्यापर्यंतची मुदत दिली होती. ग्रंथ पुरा झालेला स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचा असेल तर ते पान आता हवं होतं. अशात माझ्या मावसभावाचं पत्र आलं. जालन्याच्या एका जिनिंग फॅक्टरीत तो कारकून. खोकल्याच्या औषधासाठी घनसावंगीच्या पुढच्या एका गावी गेला असता तिथे झाडांच्या चित्रांचं जुनं पुस्तक पाहिलं, असं त्याने लिहिलं होतं, आणि पहिल्या पानावरची चार अक्षरं मुंग्या काढाव्यात तशी काढून पाठवली होती. सरांनी तो कागद भिंगाखाली धरला आणि बराच वेळ खाली ठेवला नाही. मग म्हणाले, "जा."

निघताना त्यांनी एकच बजावलं, "हात धुऊन धर. आणि त्यावर खूण करू नकोस." ते सांगायची गरज नव्हती. कॉलेजात असताना त्यांच्या एका पुस्तकात मी एका ओळीखाली पेन्सिलने रेघ ओढली होती, तर महिनाभर त्यांनी मला पुस्तकाला हात लावू दिला नव्हता.

जालना

मनमाडला गाडी बदलली आणि मुलूख बदलला. स्टेशनांच्या पाट्या उर्दूत, तिकीट तपासणारा उर्दूत बोलणारा, आणि माझ्या डब्यातला वाणी मराठी बोलत होता तरी त्यात निम्मे शब्द मला नवे. "बराबर," "बिलकुल," "जल्दी काय हाय?" पुण्यात आम्ही "घाई नाही" म्हणतो खरे, पण इथल्या माणसाला ती खरोखरच नसते.

मावसभावाचं बिऱ्हाड गावातल्या मस्तगड भागात. त्याच्या बायकोने येसराची आमटी आणि भाकरी वाढली. येसर म्हणजे भाजून दळलेल्या धान्याचा मसाला, तो पाण्यात कालवून उकळला की आमटी तयार. पहिल्या घासाला माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. आमच्या आमटीत गूळ असतो हे मी सांगितलं, तेव्हा वहिनींनी मोठ्या दयेने माझ्याकडे पाहिलं आणि ताटात गुळाचा खडा आणून ठेवला.

दुसऱ्या दिवशी लिंबाजी भेटले. पुस्तक यांच्याच घरचं. कापूस घेऊन जिनिंगला आले होते आणि रिकाम्या गाडीतून मला नेणार होते. पन्नाशीचे, अंगाने किडकिडीत, खांद्यावर घोंगडी, बोलताना बैलांनाही संभाषणात ओढणारे. त्यांचे वाडवडील मेंढरं राखायचे, आता दोन पिढ्या शेती होती.

"पुस्तक तुमच्या वडिलांचं का?" मी विचारलं.

"वडिलाच्या हातात आल्तं. पर आता ते आमच्या कारभारणीचं हाय," ते म्हणाले. "मला झाडपाल्यातलं काय कळत न्हाई. म्हातारा म्हणायचा, लिंब्याला बाभळ आन् बोर सारखीच. म्हणून त्यानं पुस्तक सुनंला दिलं."

माझा मावसभाऊ मागे उभा राहून हसत होता. का हसतो आहे ते तेव्हा त्याने सांगितलं नाही. पुढे कळलं, आणि त्याला मी अजून माफ केलेलं नाही.

अंबडच्या पुढे

जालना ते अंबड, अंबडला मुक्काम, आणि तिथून घनसावंगीवरून पुढे असा दोन दिवसांचा बैलगाडीचा रस्ता. रस्ता म्हणायचा तो मी पुणेकर म्हणून. पौषाचे दिवस, दोन्ही बाजूंना माणूस बुडेल एवढी ज्वारी आणि काळी जमीन अशी की तीत काठी रोवली तरी पालवी फुटेल. एका शेतात धूर दिसला तसे लिंबाजींनी न विचारताच बैल थांबवले. ओळख ना पाळख, पण शेतकऱ्याने आम्हाला आगटीभोवती बसवलं. शेणकुटांत भाजलेली कणसं तो तळहातावर चोळी आणि कोवळा हिरवा हुरडा आमच्या पुढ्यात टाकी, सोबत लसणाचा ठेचा आणि दही. पुण्यात हुरडा आम्ही खातो तो पाहुण्याला बोलावून, वेळ ठरवून. इथे वाटेने जाणारा हाच पाहुणा. मी इतका खाल्ला की गाडीत चढताना लिंबाजींना मला वर ढकलावं लागलं.

त्याची शिक्षा तासाभरात मिळाली. एका ओढ्यात गाडी रुतली, बैलांचं ओझं हलकं करावं म्हणून मी मोठ्या परोपकाराने खाली उडी मारली, आणि डावा पाय चाकोरीत आडवा पडला. कळ डोक्यापर्यंत गेली. घोटा बघता बघता सुजून नारळाएवढा झाला.

"मोडला का हो?" मी विचारलं. आवाज जरा रडवाच होता.

लिंबाजींनी घोटा दाबून पाहिला. "मोडला असता तर तुमी बोलला नसता मास्तर, वरडला असता. मुरगळलाय. घरी गेलं की आमची कारभारीण बगती."

उरलेली वाट मी पाय घोंगडीवर ठेवून, दर खड्ड्याला दात आवळत काढली. सरांचं पान, सरांचा डोळा, सगळं विसरलो होतो. माणूस किती लवकर घोट्याएवढा होतो ते मला त्या दिवशी कळलं.

सोनाबाईंच्या घरी

गाव लहान, गोदावरीच्या अलीकडे. लिंबाजींच्या मंडळी सोनाबाई ओसरीवर कापसाच्या सरक्या निवडत बसल्या होत्या. उंच, कपाळावर मोठं कुंकू, माणसाकडे पाहण्याआधी त्याच्या चालीकडे पाहणाऱ्या. मी "नमस्कार आक्का" म्हणतो आहे तोवर त्या परसातून पाल्याचा भारा घेऊन आल्यासुद्धा. पाला तव्यावर गरम केला, एरंडाच्या तेलाचा हात घोट्यावरून फिरवला, वर पाला आणि त्यावर जुन्या लुगड्याची पट्टी. कडवट, उग्र वास घरभर झाला.

"कसला पाला हा?"

"निरगुडी. तुमच्याकडं नसती का?"

"असेल," मी म्हणालो. नाव ऐकलेलं होतं, झाड पाहिल्याचं आठवत नव्हतं.

सोनाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. "आन् म्हणं शाळेत शिकिवत्यात."

सकाळी उठलो तर घोटा निम्म्यावर आला होता. पाय जमिनीवर टेकवता आला, तेव्हा मला पुण्याहून निघाल्यापासूनचा पहिला निर्मळ आनंद झाला. बाजरीची भाकरी, वांग्याचं भरीत, वर ताकाचा पेला. मग सोनाबाईंनी हात धुतले, माझे धुवायला लावले (सरांना हे पाहून किती बरं वाटलं असतं!) आणि भिंतीतल्या देवळीतून तांबड्या फडक्यातला ग्रंथ काढून पाटावर ठेवला. फडक्यात वेखंडाचे तुकडे होते. कसर लागू नये म्हणून.

तीच आवृत्ती. कातडी बांधणी झिजलेली, पण पानं अशी की परवा छापल्यासारखी. डावीकडे ग्रीक, उजवीकडे लॅटिन. पान उलटलं. समासात बारीक इंग्रजी अक्षर, आणखी पुढच्या पानांच्या समासात मोडी, त्याच्याही पुढे मोडी. चारशे वर्षांच्या ग्रंथात, शाईने, बोरूने, कुठे कुठे तर चित्रातल्या झाडाच्या फांद्यांमधून!

"हे कुणी लिहिलं?"

"सगळ्यान्नी," सोनाबाई म्हणाल्या.

हकिगत अशी. जालन्याला पूर्वी इंग्रजांची छावणी होती. तिथल्या एका गोऱ्या डॉक्टराला झाडांचा नाद. लिंबाजींचे वडील मेंढरं घेऊन त्या भागात जात, त्यांना त्याने गाठलं. हा ग्रंथ पुढ्यात टाकून तो चित्र दाखवी आणि म्हातारा आपल्याकडे ते झाड कुठलं, कशाला लावतात ते सांगे. खरं ठरलं की डॉक्टर समासात लिही. छावणी उठली तेव्हा ग्रंथ त्याने म्हाताऱ्याला देऊन टाकला आणि एक अट घातली, जो कुणी उघडेल त्याने आपल्या अंगावर किंवा आपल्या जनावरावर आजमावलेला एक तरी पाला यात लिहावा. ऐकीव चालणार नाही. तेव्हापासून तीच घरची रीत. पहिल्या काही पानांवर डॉक्टराचं बारीक इंग्रजी होतं, पुढे सगळी मोडी. सोनाबाईंना लिहिता येत नव्हतं. त्या सांगत, लिंबाजी लिहीत.

रागावलो होतो तरी वाचत गेलो. ही झाडं समुद्रापलीकडची, पण यांनी प्रत्येक चित्राला आपलं झाड जोडलं होतं. अंजिराला उंबर. ऑलिव्हखाली "जांभूळ, पान बारीक काढले आहे." एका कंदाला जुन्या चित्रकाराने चक्क माणसाचे पाय काढले होते, त्याखाली लिंबाजींच्या अक्षरात, "हे आपल्याकडे नाही. दिसल्यास उपटू नये." मी हसलो. एका पानावर ओळखीचं अक्षर दिसलं. "खोकल्यास अडुळसा. सात दिवस स्वतः घेतला." खाली माझ्या मावसभावाची सही. जालन्याच्या त्या हसण्याचा अर्थ आत्ता लागला. रीत आधी सांगितली असती तर मी आलोच नसतो हे त्याला बरोबर ठाऊक होतं.

मग मथळ्यातल्या नावावरून सरांचं पान सापडलं. होतं. धडधाकट, दोन्ही बाजू शाबूत. मी खिशातून कागद काढला, तोच सोनाबाईंनी पानावर हात ठेवला.

"उतरवून घ्या भाऊ, बिलकुल घ्या. पर आदी लिवा."

मी म्हणालो, वेगळ्या कागदावर लिहितो, आत ठेवा.

"कागद उडून जातोय."

"पेन्सिलीनं लिहितो."

"पेन्सिल पुसती. शाईनं लिवा."

"आक्का, हे पुस्तक चारशे वर्षांचं आहे. यात लिहिणं पाप आहे."

त्या रागावल्या नाहीत. "आन् घेऊन जाणं, देणं काय न्हाई, ते काय हाय?" एवढं म्हणून त्यांनी ग्रंथ फडक्यात बांधला आणि शेतावर निघून गेल्या.

दिवसभर मी ओसरीवर बसून राहिलो. एका बाजूला सरांचं पान, दुसऱ्या बाजूला सरांची शिकवण, आणि दोन्ही एकाच माणसाची. फडकं देवळीत होतं, घरात कुणी नव्हतं. हात घालून पान उतरवलं असतं तर कुणाला कळलं नसतं. हा विचार माझ्या मनात आला हे लपवत नाही. आला, आणि माझी मलाच लाज वाटली. यांनी मला रस्त्यातून उचलून आणलं, माझ्या पायाला तेल चोळलं, आणि मी यांच्या देवळीवर डोळा ठेवून बसलो आहे.

त्याहून मोठी लाज दुसरीच होती. समजा लिहायला तयार झालो, तर लिहिणार काय? वय चाळीस, दोन पदव्या, पाच भाषा थोड्याथोड्या. आणि अनुभवाने माहीत असलेला एक पाला मला आठवेना. घरी कुणी आजारी पडलं की डॉक्टरांची बाटली आणायची, हलवायची आणि पाजायची.

संध्याकाळी लिंबाजी बैल बांधून आले. "काय शोधून राह्यले मास्तर?"

"लिहिण्यासारखं काही सापडत नाही," मी म्हणालो.

त्यांनी माझ्या पायाकडे पाहिलं. मग माझ्या तोंडाकडे पाहिलं. आणि ते बैलांना कडबा टाकायला गेले. मी मात्र तिथल्या तिथे उठून उभा राहिलो, दोन्ही पायांवर.

सोनाबाई आल्या तेव्हा मी हात धुऊन बसलो होतो. ग्रंथ उघडला. निरगुडी कुठल्या चित्राखाली लिहायची ते त्यांनाच विचारलं. त्यांनी पानं उलटली आणि सकाळचंच पान माझ्यापुढे धरलं. सरांचं पान!

मी सकाळी चित्राकडे धड पाहिलंही नव्हतं. हाताच्या बोटांसारखी पाच-पाच पानं. सोनाबाईंनी माझ्या पट्टीतून सुटलेली एक डहाळी उचलून शेजारी ठेवली. थोडा फरक होता, चुलत भावंडांत असतो तेवढा. समासात म्हाताऱ्याची मोडी, "निरगुडी. मेंढीचा पाय मुरगळल्यास." मी लॅटिन रकाना बोटाने वाचू लागलो, अडलो की ग्रीक पाहायचो. बरंच काय काय होतं, आणि मध्येच तो ग्रीक वैद्य सांगत होता की मुरगळलेल्या सांध्यावर याचं बी पानांसकट लावावं. मी पुन्हा वाचलं. मग मोठ्याने मराठीत सांगितलं.

सोनाबाईंना काही विशेष वाटलं नाही. "मंग? पाय तिकडं बी मुरगळतच आसतीन की."

मी बोरू शाईत बुडवला. आयुष्यात पहिल्यांदा छापील पुस्तकात शाईने लिहिलं. "निरगुडी. ओढ्यात घोटा मुरगळला. सोनाबाईंनी पाला गरम करून बांधला. दुसऱ्या दिवशी पाय टेकला." खाली सही केली. शाई वाळू दिली. मग मी पान उतरवून घेतलं, चित्र जमेल तसं काढलं. निघताना सोनाबाईंनी धपाट्यांची शिदोरी दिली आणि निरगुडीची एक जुडी बांधून दिली. म्हणाल्या, "वाटंत पुन्हा उडी मारली तर."

पुन्हा पुणे

घरी न जाता तसाच सरांकडे गेलो. कागद त्यांच्या हातात दिला. ते भिंगाने वाचत होते, एकेक ओळ, आणि मी समोर बसून शाळेतल्या गुन्हेगारासारखा हात चोळत होतो. शेवटी सांगून टाकलं. रीत सांगितली, आणि त्या ग्रंथात मी शाईने लिहिलं तेही.

सरांनी भिंग खाली ठेवलं. मला वाटलं, आता हे मला महिनाभर नाही, कायमचं घालवणार.

"कोणत्या झाडाविषयी?"

मी जुडी पुढे केली. पानं सुकली होती. सरांनी ती चोळून नाकाशी नेली, आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. "हा वास मला माहीत आहे."

तेवढ्यात सरांच्या पत्नी, आमच्या काकू, चहा घेऊन आल्या. जुडीकडे पाहून म्हणाल्या, "अगो बाई, निरगुडी एवढ्या लांबून कशाला आणलीस? आपल्या मागच्या कुंपणाला रगड आहे. दर पावसाळ्यात यांच्या गुडघ्याला बांधते ती दुसरी काय?"

सर काकूंच्या आवाजाच्या दिशेने वळले. पंचवीस वर्षं ज्या झुडपासाठी कोश पालथे घातले, ते गुडघ्याला बांधून ते लिहीत बसले होते. मला हसू आवरेना. सरही हसू लागले, डोळे पुसावे लागेपर्यंत. काकू मात्र चहा निवतो आहे म्हणून रागावल्या.

हसू ओसरल्यावर सरांनी कपाटातून आपली प्रत काढायला सांगितली. फाटलेल्या पानाची जागा त्यांनी चाचपून शोधली आणि शेजारच्या पानाच्या कोऱ्या समासावर बोट ठेवलं.

"दौत घे," ते मला म्हणाले. मग काकूंना म्हणाले, "तू बस इथे. पाला कसा बांधतेस ते सांग. हा लिहील. आणि खाली नाव तुझं घालायचं."